‘आई, तुला शोधताच येत नाही’

नोकरीतून मोकळ्या झाल्यावर घरी शिवणकाम सुरू केलेल्या, साठीच्या उंबरठ्यावरच्या एका वाचकताईंचं हे पत्र. फोन आणि लॅपटॉप त्या रोज वापरतात, पण इंटरनेटवर काही शोधायला बसलं की पाऊण तास जातो आणि हाती काहीच लागत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मध्यंतरी शिलाई मशीन खालून दोऱ्याचा गुंता करायला लागलं. गूगलवर विचारलं तर नव्या मशीनच्या जाहिराती पुढे आल्या. मुलाला मात्र त्याचं सगळं दोन मिनिटांत सापडतं. वर तो म्हणतो, ‘आई, तुला शोधताच येत नाही. त्यापेक्षा एआयला विचार.’ एआयला विचारलं, तर त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की विश्वास ठेवावा की नाही, हेच कळेना. पूर्वी गूगल बरं होतं असं त्यांना वाटतं. माझंच डोकं चालत नाही का, नेमक्या कोणत्या युक्त्या शिकू, एखादा क्लास लावू का, असे त्यांचे प्रश्न आहेत. आठवडाभरात काय काय शोधलं, त्याची यादीही त्यांनी पत्राला जोडली आहे.

ताई,

यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. ‘सापडत नाही’ असं लिहिणारे पुष्कळ असतात, पण नेमकं काय टाइप केलं होतं ते कुणी सांगत नाही. डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणून गप्प बसावं, तसं होतं ते. तुमच्या यादीत सगळ्यात वर आहे: ‘माझे शिलाई मशीन नीट चालत नाही काय करावे’. आधी या एका ओळीपाशीच बसू या.

ही ओळ माणसाला विचारायची आहे. समोर मुरलेला कारागीर असता, तर त्यानं लगेच उलट विचारलं असतं. नीट चालत नाही म्हणजे काय होतं? टाका सुटतो की दोरा तुटतो? गुंता वरून होतो की खालून? शिवायला घेतल्या घेतल्या होतो, की मध्येच? सर्च इंजिन उलट काही विचारत नाही. मिळालेल्या शब्दांत जे भागेल ते पुढ्यात टाकून ते मोकळं होतं. आणि तुमच्या ओळीत पकडण्याजोगं होतं तरी काय? ‘माझे’, ‘नीट’, ‘चालत नाही’, ‘काय करावे’ हे शब्द जगातल्या कुठल्याही तक्रारीत बसतात. उरलं ‘शिलाई मशीन’. हे दोन शब्द इंटरनेटवर सगळ्यात जास्त कोण लिहितं? मशीन विकणारे. मग जाहिराती आल्या यात नवल ते काय.

तुम्ही लिहिता, ‘गूगलला माझा प्रश्नच कळत नाही.’ इथे जराशी गफलत आहे. तुम्ही एंटर दाबता, तेव्हा ते यंत्र उत्तर हुडकत इंटरनेटभर फिरायला निघत नाही. पानं त्यानं आधीच वाचून ठेवलेली असतात. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची एक अवाढव्य सूची तयार असते, जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असते तशी. तुमचे शब्द त्या सूचीत पाहिले जातात आणि सापडलेल्या पानांची क्रमवारी लावली जाते. क्रमवारीचे निकष अनेक आहेत, त्यातलं एक जुनं तत्त्व तुमच्या फार कामाचं आहे. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ केरन स्पार्क जोन्स यांनी ते 1972 मध्ये मांडलं: जो शब्द थोड्याच ठिकाणी आढळतो, त्याला वजन जास्त. ‘काय’ जिथे तिथे असतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. ‘बॉबिन’, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची फिरकी, हा शब्द मोजक्या पानांवर असतो, म्हणून तो एकटा दहा शब्दांचं काम करतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कसं विचारू’ हा विचार बाजूला ठेवा आणि असं करा. तुमचं उत्तर कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी पानावर लिहून ठेवलेलं आहे असं धरा. ते पान डोळ्यांसमोर आणा. कुणी लिहिलं असेल ते? मशीन दुरुस्त करणाऱ्यानं, शिवण शिकवणाऱ्या बाईंनी, नाहीतर कंपनीनं मॅन्युअलमध्ये. त्यांनी कोणते शब्द वापरले असतील? ‘माझे मशीन’ असं ते लिहिणार नाहीत. दोरा, टाका, टेन्शन (म्हणजे दोऱ्याचा ताण), बॉबिन, कापडाची खालची बाजू, गुंता असं लिहितील. तेवढेच शब्द टाका. ‘कृपया सांगा’ नको, क्रियापदांची शेपटंही नकोत.

मी तुमच्या मशीनसाठी करून पाहिलं. ‘शिलाई मशीन खालून दोरा गुंता बॉबिन टेन्शन’ एवढंच टाकलं. विकणारे बरेचसे मागे हटले, शिकवणारे पुढे आले. चाळता चाळता एका ठिकाणी कळलं, की या गुंत्याला इंग्रजीत शिवणकाम करणारे ‘बर्ड नेस्टिंग’ म्हणतात. कापडाखाली साठलेला दोरा खरंच पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो, म्हणून. हा शब्द शिलाई मशीनच्या इंग्रजी नावाला जोडून टाकला, आणि मग मात्र तुमच्याच दुखण्यावरची पानं एकामागून एक यायला लागली.

यात एक गोष्ट पाहा. माझ्या पहिल्या शोधात उत्तर मिळालं नाही, शब्द मिळाला. उत्तर दुसऱ्या शोधात आलं. तुमच्या यादीत हे कुठेच दिसत नाही. एकदा टाकलं, नाही सापडलं, की तुम्ही तोच प्रश्न आणखी लांबवून पुन्हा टाकता. ‘नीट चालत नाही’चं ‘अजिबात नीट चालत नाही’ झालेलं मी पाहिलं, आणि हसू आलं, माफ करा. रागावून सांगितल्यानं इंजिनाला फरक पडत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक मार्शा बेट्स यांनी 1989 मध्ये माणसाच्या शोधण्याला रानात फळं वेचण्याची उपमा दिली होती. सगळी फळं एका झुडपाला नसतात. इथे एक, तिथे दोन असं करत पुढे जावं लागतं, आणि जाता जाता आपल्याला नेमकं काय हवं होतं, तेही बदलत जातं. गूगल जन्माला यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, पण आजही तंतोतंत लागू पडते. पहिल्या निकालांतून निदान एक नवा शब्द उचलायचा आणि तो घेऊन पुन्हा जायचं, एवढी सवय लागली तरी अर्धं काम झालं.

शब्दच ठाऊक नसेल तर काय करायचं? हे सगळ्यांचंच होतं. बुटाच्या नाडीच्या टोकाला ते कडक प्लास्टिक असतं ना, त्याचं नाव मी एकदा अर्धा तास शोधत होतो. शेवटी नाव विसरून ‘बुटाची नाडी टोक प्लास्टिक’ असं दिसेल तसं वर्णन इंग्रजीत टाकलं आणि ‘अ‍ॅग्लेट’ हाती लागलं. वर्णन द्या, शब्द मिळवा, मग शब्द देऊन बाकीचं मिळवा. वस्तू हाताशी असेल तर तिचा फोटोच काढून गूगल लेन्समध्ये टाकायचा. एखाद्या सुट्या भागाचं नाव काढायला यासारखं सोपं साधन नाही.

आता एआय. तुमच्या मुलाचा सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अर्धा आहे. तुम्हाला खटकला तो ठामपणा, आणि तुमचं खटकणं मला योग्य वाटतं. एआय उत्तर रचून सांगतं, आणि बरोबर उत्तर असो की चूक, त्याचा सूर एकच असतो. माणूस चाचरला की आपल्याला अंदाज येतो. इथे तो येत नाही. 2024 च्या मे महिन्यात गूगलनं शोधाच्या माथ्यावर एआयचे सारांश दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये चिकटवायचा डिंक मिसळा, असा सल्ला त्यानं दिल्याचं जगभर गाजलं. कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी एका चर्चेत केलेली थट्टा त्यानं खरी धरली होती. तेव्हापासून सुधारणा झाल्या आहेत, पण थट्टा आणि सल्ला यांतला फरक दर वेळी त्याला कळेलच, असं धरून चालू नका.

मग एआयचा उपयोग काय? वर म्हटलं तो, शब्द मिळवण्याचा. ‘कापडाच्या खालच्या बाजूला दोरा साठतो, याला कारागीर काय म्हणतात? शोधायला कोणते शब्द वापरू?’ असं त्याला विचारा. लांबलचक, बोलल्यासारखं विचारलं तरी तिथे चालतं. शब्द चुकीचा निघाला तर नुकसान काहीच नाही, कारण शोधल्यावर भलतीच पानं येतील आणि लगेच कळेल. औषधाची मात्रा किंवा विजेच्या जोडणीची माहिती चुकीची निघाली तर नुकसान कुठे होतं, ते वेगळं सांगायला नको. आणि उत्तराखाली त्यानं ज्या पानांचे दुवे दिलेले असतात, त्यातलं एक तरी उघडून, तिथे खरंच तसं लिहिलं आहे का, ते पाहा.

तुमच्या यादीतला चौथा शोध मला सगळ्यात जास्त बोचला: ‘सांधेदुखीवर रामबाण उपाय’. ताई, ‘रामबाण’ हा शब्द कोणता डॉक्टर लिहील? तो शब्द लिहितात औषध विकणारे आणि क्लिक गोळा करणारे. तुम्ही तो टाकलात त्या क्षणी डॉक्टरांना बाहेर काढलंत आणि विकणाऱ्यांना घरात घेतलंत. शब्द निवडताना आपण वाचायला लेखकही निवडत असतो. तीच गोष्ट उत्तर पोटात असलेल्या प्रश्नांची. ‘अमुक तेलानं सांधेदुखी बरी होते का’ असं टाकलं की ‘हो, होते’ म्हणणारी पानं आधी येतात, कारण ते तेल आणि ते दुखणं एकत्र लिहिणारे बहुतेक त्या तेलाच्या बाजूचेच असतात. त्याऐवजी दुखण्याचं नाव, ‘कारणे’, ‘उपचार’ असे कोरडे शब्द टाका. किंवा शोध एखाद्या भरवशाच्या ठिकाणापुरताच ठेवा. आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं संकेतस्थळ आहे. मेडलाइनप्लस हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं सामान्य वाचकांसाठी चालवलेलं संकेतस्थळही चांगलं आहे. शोध तेवढ्याचपुरता कसा ठेवायचा ते पुढे सांगतो. सांधे दाखवायला मात्र डॉक्टरांकडेच जायचं आहे.

आणि सातवा शोध, ‘कस्टमर केअर नंबर’. तो पुन्हा कधीही करू नका. बँक असो, कुरिअर असो की मशीनची कंपनी, हेल्पलाइनचे खोटे नंबर मुद्दाम इंटरनेटवर पेरून ठेवलेले असतात आणि शोधात ते वर येऊ शकतात. नंबर कार्डाच्या मागे पाहा, बिलावर पाहा, कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहा. फोनवरच्या माणसानं ओटीपी मागितला किंवा एखादं अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवा.

पूर्वी गूगल बरं होतं का? तुमचा समज निव्वळ म्हातारपणाचा नाही, काळजी करू नका. पूर्वी लोक पानं एकमेकांसाठी लिहीत. आता पुष्कळ पानं शोधात वर यावीत एवढ्याचसाठी लिहिली जातात. चार ओळींचं उत्तर असतं, आणि त्याआधी ‘शिलाई मशीन म्हणजे काय’ यावर दोन पानं पाणी घातलेलं असतं. त्यात जाहिराती. गंमत अशी, की गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थी होते, तेव्हा 1998 च्या त्यांच्या निबंधात त्यांनीच लिहून ठेवलं होतं: जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार. 2000 मध्ये त्यांच्याच कंपनीनं शोधाच्या निकालांशेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली.

पण दुसरी बाजूही आहे. 2013 नंतर आणि विशेषतः 2019 मध्ये गूगलनं भाषा समजण्याची बर्ट नावाची पद्धत वापरायला घेतल्यावर, पूर्ण वाक्यात विचारलेले साधे प्रश्न त्याला पूर्वीपेक्षा बरे उमजतात. ‘सूर्यग्रहण का होतं’ असं सरळ विचारलं तरी चालतं, कारण ते हजारोंनी विचारलेलं आणि शेकड्यांनी लिहिलेलं असतं. शब्दांची निवड लागते ती तुमच्या मशीनसारख्या आडवाटेच्या प्रश्नांना. नेमक्या तुमच्या अडचणी त्याच जातीच्या आहेत, म्हणून तुम्हाला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं.

क्लास लावू नका. युक्त्यांचे क्लास आणि ‘शोधण्याच्या 50 युक्त्या’ छापाच्या याद्या लवकर शिळ्या होतात. शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावा असं अजून कित्येक याद्यांत असतं, आणि गूगलनं ती सोय 2011 मध्येच काढून टाकली आहे. टिकलेल्यांपैकी तुमच्या कामाच्या खुणा चारच, आणि त्या अशा.

अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमानं शोधले जातात. अर्धीमुर्धी आठवणारी ओळ, एखादा मॉडेल नंबर, एरर कोड यांच्यासाठी हे उत्तम. नको असलेल्या शब्दाला वजाचं चिन्ह चिकटवायचं, मध्ये जागा न सोडता. तुमच्या शोधात ‘किंमत’ आणि ‘खरेदी’ या दोन शब्दांना वजा केलंत तरी गर्दी कमी होईल. तिसरी खूण: रोमन अक्षरांत ‘साइट’ हा शब्द, लगेच कोलन, आणि पुढे संकेतस्थळाचा पत्ता, पुन्हा मध्ये जागा न सोडता. मग निकाल तेवढ्याच ठिकाणचे येतात. मघाशी म्हटलं ते हेच. चौथी तशीच, ‘फाइलटाइप’ आणि कोलन, पुढे ‘पीडीएफ’.

ही चौथी तुमच्यासाठी सोन्याची आहे. मशीनच्या बुडाशी किंवा पाठीमागे एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्या. कंपनीचं नाव, अवतरणचिन्हांत तो नंबर, ‘मॅन्युअल’ हा शब्द आणि ‘फाइलटाइप पीडीएफ’, हे सगळं रोमन अक्षरांत टाका. कंपनीनंच लिहिलेली पुस्तिका मिळण्याची शक्यता चांगली असते. तिच्या शेवटाकडे बहुधा एक तक्ता असतो: लक्षण, कारण, उपाय. हा तक्ता मी तरी कुठल्याही व्हिडिओच्या आधी वाचीन.

साठ पानांच्या पुस्तिकेत तो तक्ता कुठे शोधायचा? लॅपटॉपवर कंट्रोल आणि एफ एकदम दाबा, एक छोटी चौकट उघडेल, तिच्यात शब्द टाका. फोनवर ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘पेजमध्ये शोधा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. हे ठाऊक नसेल तर ओशाळू नका. लोक कसे शोधतात याचा गूगलमध्ये अभ्यास करणारे डॅनियल रसेल यांनी 2011 मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या पाहणीतल्या 90 टक्के लोकांना ही साधी गोष्ट माहीत नव्हती.

बाकी दोन सोयी चिन्हांवाचून मिळतात. निकालांच्या वरच्या पट्टीत, कधी कधी ‘अधिक’च्या आड, ‘वेब’ असा पर्याय असतो. त्यावर टिचकी मारली की एआयचा सारांश वगैरे बाजूला होऊन नुसती दुव्यांची यादी राहते, पूर्वीसारखी. आणि ‘टूल्स’मध्ये काळाची मर्यादा घालता येते. फोनच्या सेटिंगबद्दल शोधताना ती घालाच, कारण तीन वर्षांपूर्वीचं उत्तर आज कामाचं नसतं. मशीनसाठी गरज नाही, दोऱ्याचं शास्त्र बदललेलं नाही. वाचलेलं पान आता उघडतच नसेल, तर त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. 1996 पासूनची पुष्कळ पानं तिथे जपून ठेवलेली आहेत.

मराठीत शोधताना एक जास्तीची अडचण येते, ती तुमच्या एकटीची समजू नका. आपले शब्द प्रत्यय लागले की रूप बदलतात. अवतरणचिन्हांत ‘दोऱ्याचा गुंता’ टाकलंत तर ‘दोरा गुंततो’ असं लिहिणारा सुटतो. म्हणून मराठीत अवतरणचिन्हं बेतानं वापरा आणि शब्द मूळ रूपात टाका. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून पाहा, कारण लिहिणाऱ्यानंही चूक केलेली असू शकते. त्या ‘ऱ्या’चंच घ्या. तो संगणकावर दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, आणि यंत्राच्या लेखी वेगळा असू शकतो. शिवाय युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं एकाच रीतीनं साठवण्याची पद्धत, रुळण्याआधी जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या मजकुरात आत रोमन अक्षरांचा भरणा असतो, तो फक्त दिसतो देवनागरी. तसाच जर तो इंटरनेटवर चढवलेला असेल, तर तुमच्या युनिकोडमधल्या शब्दांना तो सापडत नाही. तेव्हा आधी मराठीत, मग इंग्रजीत असं दोनदा शोधायची सवय ठेवा. इंग्रजी पान भाषांतर करून वाचता येतं, पण ते आधी सापडायला हवं.

सापडलेल्यावर विश्वास कधी ठेवायचा? स्टॅनफर्डचे संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेल्या एका अभ्यासासाठी 45 जणांना संकेतस्थळं तपासायला बसवलं होतं. त्यात इतिहासाचे 10 विद्वान होते, 25 विद्यार्थी होते आणि 10 जण बातम्यांची सत्यता तपासणारे. विद्वानही अनेकदा फसले. ते त्याच पानावर खालीवर वाचत बसले, पान नीटनेटकं आहे, संस्थेचं बोधचिन्ह छान आहे, एवढ्यावर भुलले. सत्यता तपासणारे मात्र पान उघडलं की दोन क्षणांत तिथून बाहेर पडत आणि नव्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधत. आणि पहिल्या दुव्यावर झडप घालत नसत. आधी यादी वरून खाली वाचत, कुणी लिहिलंय ते पाहत, मग एक निवडत. तुमचा तो पाऊण तास बहुधा इथेच जातो, ताई. पहिलं पान उघडायचं आणि ते शेवटपर्यंत वाचायचं, हा पुस्तक वाचणाऱ्या माणसाचा संस्कार आहे. पुस्तकाला तो शोभतो. इथे दहा सेकंदांत पान सोडून देणं हा उद्धटपणा नाही.

राहिलं मुलाचं वाक्य. पत्रात तुम्ही ते एकाच ओळीत उरकलंत, पण मशीनपेक्षा तेच जास्त अडकलंय असं मला वाटलं. त्याला दोन मिनिटांत सापडतं ते त्याच्या विषयातलं. फोनचं काही बिघडलं की त्या भागाला, त्या दोषाला काय म्हणतात, हे त्याला आधीच माहीत असतं. शब्द त्याच्या खिशात असतात, त्याला फक्त टाकायचे असतात. एक दिवस त्याला जवळ बसवा आणि म्हणा, बाही खांद्यापाशी चुण्या धरते, त्याचा उपाय शोधून दे. तो ‘शर्ट हात प्रॉब्लेम’ असं काहीतरी टाकील. मग तुम्ही हळूच सांगा, ‘मुंढा’ म्हणून बघ, बाही जोडतात तो भाग. भांडणासाठी नाही. तुम्ही जो शब्द सहज उच्चारता तो त्याच्याकडे नाही, हे दोघांनाही एकदा दिसलेलं बरं. आणि तो त्याचं काही शोधत असेल तेव्हा, काय टाइप करतो, काय खोडतो, दुसऱ्या वेळी काय बदलतो, एवढंच पाहत बसा. क्लासपेक्षा हे जास्त शिकवील.

आता मशीन. जे वाचलं त्याचं सार असं. वरचा दोरा पूर्ण काढून घ्या. कापड दाबून धरणारा फूट वर उचला, आणि तो वर असतानाच दोरा पुन्हा ओवा. बहुतेक मशीनमध्ये फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, नुसता कडेनं निघून जातो. मग त्याला ताण राहत नाही, तो भसाभसा खाली ओढला जातो आणि कापडाखाली साठतो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनला दोष देत राहतो. मीही माझ्या शोधात आधी ‘बॉबिन’च लिहिलं होतं, पाहिलंत ना. ओवून झालं की चिंधीवर शिवून बघा, वर लाल दोरा आणि बॉबिनमध्ये पांढरा घालून, आणि हो, शिवताना फूट खाली. चिंधी उलटी करा. खाली साठलेला दोरा लाल असेल, तर पुढच्या शोधात ‘वरचा दोरा टेन्शन’ टाका आणि बॉबिनचं नावही काढू नका.